नवरीच्या गाडीचं लॉक

संतोष पंक्चरवाला. त्याच्या हाती जुनी परदेशी डिझेल गाडी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण बहीण शितल त्याच गाडीतून सासरी निघायची होती, आणि दारांची लॉकं लागत नव्हती. गाडीवाले भीमसिंगकाका हटूनच बसले. "पोरीच्या अंगावर दागिने हायेत. लॉक न्हाई तर गाडी न्हाई."

या गाडीची लॉकं हवेच्या ओढीवर चालायची. इंजिन सुरू झालं की नळ्यांतून हवा खेचली जायची आणि त्या ओढीनं चारी दारं बंद व्हायची. कुठंतरी नळी फुटली असणार. संतोषनं इंजिन चालू ठेवून उदबत्ती पेटवली आणि नळ्यांजवळून फिरवली. इंजिनाशेजारच्या जाड नळीच्या सांध्यावर धूर सरळ आत गेला. सांधा तडकला होता. त्यानं तो काढून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, वरून तारेनं आवळला. चारी दारं खटकन लागली.

"शाबास रे पोरा," काका म्हणाले. "मघा ब्रेक बी जड लागून राहिला होता. तोबी हलका झाला बघ."

संतोष नुसता हसला. लॉक दुरुस्त केल्यावर ब्रेक काहून हलका व्हावा, एवढं विचारायची बुद्धी त्याला झाली नाही. बाया ढावलो, नवरीच्या निरोपाची गाणी, गात रडू लागल्या, शितल त्याच्या गळ्यात पडली, आणि गाडी तांड्यातून निघाली.

उरलेला तुकडा खिशात टाकण्याआधी त्यानं सवयीनं फुंकून पाहिला. बराबर होता. मग सहज तोंडानं त्यातली हवा ओढून पाहिली, तर रबर चपटं होऊन आतल्या आत चिकटलं. जन्मभर त्यानं हवा भरली होती, ओढायची वेळ कधी आलीच नव्हती. हा तर थंड तुकडा. तिकडं इंजिनाच्या धगीनं रबर आणखी मऊ होणार. काकांचं बोलणं आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. लॉकाला आणि ब्रेकाला ओढ त्याच एका नळीतून जात होती. ती चिकटून बंद झाली की ब्रेक दगडासारखा घट्ट होणार, कितीबी दाबला तरी गाडी थांबायची नाही.

मोबाइल तेव्हा तांड्यात कुणाकडंच नव्हता. कुणाची तरी मोटारसायकल घेऊन तो सुसाट सुटला. सेवालाल बापू, माझ्या बहिणीला सांभाळ, एवढंच तो पुटपुटत होता.

उताराच्या माथ्यावर पोचला तेव्हा गाडी खाली दिसली. पुढं ओढ्याच्या अरुंद पुलावर कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर अडकून पडला होता. गाडीचे मागचे लाल दिवे लागले होते, म्हणजे काकांनी ब्रेक दाबून धरला होता. गाडी तशीच पळत राहिली.