बाच्या मेंदूतल्या मित्रकिडी

रविवारी सकाळी दीपा दारव्ह्याहून बोरी अरबजवळच्या आपल्या तांड्यावर आली आणि तिनं कपाळालाच हात लावला. बापाच्या गोळ्या बियाण्याच्या पिशवीत जशाच्या तशा पडलेल्या. एक नाही, दोन नाही, अकरा दिवसांच्या! याडी, म्हणजे तिची आई सुखीबाई, रोज फोनवर छातीठोकपणे सांगायची की गोळी माझ्यासमोर घेतली. कसली घेतली! पाण्याचा गिलास तोंडाला लावलेला तेवढा तिनं पाहिला होता.

तिचा बा, हा देवसिंग, जानेवारीत मरणाच्या दारातून परत आलेला माणूस. आधी चिडचिड, मग झोप उडाली, मग झटके. यवतमाळच्या दवाखान्यात पोटच्या पोरीला त्यानं विचारलं होतं, बाई, तुम्ही कोणाच्या? डॉक्टर म्हणाले, अंगातली रोगाशी लढणारी फौज चुकून मेंदूवरच तुटून पडली आहे, मेंदूला सूज आहे. गोळ्या आम्ही सांगू तशा हळूहळू कमी करायच्या. मनानं एकदम बंद केल्या तर आजार उलटेल.

आणि या शहाण्यानं मनानंच बंद केल्या. काहून, असं तिनं विचारलं तर बाजेवर दोर वळत बसलेला बा शांतपणे म्हणाला, "तूच तं सांगतलं होतं."

सांगितलं होतं खरं. दीपा हायस्कूलला विज्ञान शिकवते, समजावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. बा घरी आला तेव्हा ती म्हणाली होती की मेंदूत मुळातच काही राखणदार प्रथिनं असतात, ती सूज हाताबाहेर जाऊ देत नाहीत, लढाई संपली की फौजेला माघारी धाडतात. बाला पटकन कळावं म्हणून वर जोडलं, कपाशीवरच्या, शत्रुकिडी खाणाऱ्या मित्रकिडींसारखी. झालं! देवसिंगनं तीन हंगाम शेतीशाळा केलेली. एका साली फवाऱ्यावर फवारे मारून त्यानं मावा नावाची कीड खाणारे सगळे ढालकिडे मारले होते, आणि मग माव्यानं कपाशी खाल्ली होती. तेव्हापासून मित्रकिडी मोजल्याशिवाय तो पंपाला हात लावत नाही. त्यानं सरळ हिशोब केला: सूज गेली, गोळी जहाल, आता मेंदूतल्या मित्रकिडी कायले मारायच्या? फवारा बंद.

हसावं की रडावं तेच दीपाला कळेना. अडाण्याशी माणूस भांडून तरी घेईल, असल्या शहाणपणाचं काय करायचं? तरी ती भांडलीच. तोंडाचा पट्टा असा सुटला की शेजारच्या बाया दारात आल्या. बा एवढंच म्हणाला, आवाज कमी कर, डोस्कं दुखून राह्यलं.

मग सुखीबाईनं हळूच सांगितलं की तीन रात्री त्याला झोप नाही, काल तर उगाच बकरीच्या अंगावर धावला. ही तर जानेवारीतलीच लक्षणं! दीपानं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, घरी काही देत बसू नका, आत्ताच्या आत्ता घेऊन या. पण बा उठेल तर शपथ! ऑटो दारात येऊन उभा राहिला, तरी हा दोर वळतोच आहे.

शेवटी ती त्याच्यापाशी खाली बसली. पुस्तकात वाचलेलं, पण त्याला न सांगितलेलं, आता सांगितलं: ही गोळी सूज दाबते, आणि राखणदार प्रथिनं मारत नाही, उलट त्यातली काही जास्त बनवायला अंगाला भाग पाडते.

"बा, हा फवारा नाही. हे ट्रायकोकार्ड आहे."

देवसिंगचे हात थांबले. मित्रकिडीची अंडी चिकटवलेली ती कार्डं त्यानं स्वतः कपाशीच्या पानांना टाचली होती. तो उठला, सदरा मागितला आणि मुकाट्यानं ऑटोत जाऊन बसला. दीपा शेजारी बसली तसा म्हणाला, "हे तुले तवाच मालूम होतं?"

"हो."

"मंग काहून नाही सांगतलं?"

बाला एवढं कुठं कळणार, असं दीपाला वाटलं होतं; ते त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? म्हणायची गरजही पडली नाही.

"शाळेतल्या पोरायले पुरा धडा, अन् बापाले अर्धा," तो म्हणाला. "उरलेला आता सांग. जल्दी सांग बेटी, कालपासून मले शब्द सापडून नाही राह्यले."