सात वाजताचं भूत

नानांच्या पडवीत त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. तोंडवलीच्या अलीकडची ही मासेमारांची वाडी एरवी दिवेलागणीला चुलीपुढे असायची. पण २००७ सालच्या चतुर्थीपासून अडीच महिने झाले, सात वाजायला आले की सगळी वाडी नानांच्या संगणक केंद्राकडे लोटायची. पुरुष पायऱ्यांवर, बायका अंगणात, पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली. आत दोन संगणक. एकासमोर म्हातारी तुळसा बसली होती आणि मस्कतला कामाला असलेल्या आपल्या मुलाशी, गुरुदासशी, इंटरनेटवरून बोलत होती. पडद्यावर त्याचा चेहरा दिसत होता, स्पीकरमधून आवाज येत होता, आणि म्हातारी त्याला यंदा बांगडा कसा लागला ते सांगत होती.

सात वाजले आणि गुरुदास थिजला. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. स्पीकरमधून त्याचा तुटका आवाज येत राहिला, "आव... आव... आव..." नाकातोंडात पाणी गेलेला माणूस गुदमरतो तसा.

"इलो," अंगणातून कोणीतरी कुजबुजलं, आणि बायकांनी पदर तोंडाला लावले.

कोण आला ते कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या नजरा भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सुगंधाकडे वळल्या. हे केंद्र तीच सांभाळायची. तिचा नवरा शिवा दोन वर्षांपूर्वी होडी उलटून बुडाला होता आणि त्याचं प्रेत काही मिळालं नव्हतं. घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला, दिवस केले, विषय संपला. निदान सुगंधाला तसं वाटलं होतं.

मग गर्दीतून वाट काढत भिकाजी भगत आला. कपाळभर गंध, खांद्यावर उपरणं, हातात नारळ. तो संगणकापुढे उभा राहिला आणि ग्रामदेवतेपुढे घालतात तसं गाऱ्हाणं त्याने त्या पत्र्याच्या डब्याला घातलं.

"बा बारा-पाचाच्या म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा! जो कोण दर्यात बुडान, मडां न गावता, ह्या वायरीच्या वाटेन घराक येवक बगता..."

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका सुरात.

"तेच्या बायलेन जो काय हात ह्या यंत्राक लावलो आसात, तो बाजूक कर रे म्हाराजा, आणि हो स्पीड मोकळो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ज्या माणसाला स्पीड म्हणजे काय, हे विचारलं असतं तर ज्याने एसटीच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं असतं, तो देवाकडे स्पीड मागत होता. पण गंमत अशी की अर्ध्या तासाने देव तो देतही होता. गाऱ्हाणं, नारळ, अंगारा, परत गाऱ्हाणं, आणि साडेसातच्या सुमारास गुरुदास पडद्यावर हलायला लागायचा. बोलणं मोकळं व्हायचं. म्हातारी हात जोडायची, यंत्राला नव्हे, भिकाजीला.

सुगंधाने काय करून पाहिलं नव्हतं? पहिल्या आठवड्यात तिने टेलिफोन खात्याचा माणूस बोलावला. लाईन ठणठणीत निघाली. वायर बदलली. डब्यातली धूळ काढली. यंत्र अडकलेलं असताना मोडेमचे दिवे मात्र नीट लुकलुकत असतात, हेही तिने हेरलं होतं. म्हणजे इंटरनेट येत होतं, यंत्रच त्याला दाद देत नव्हतं. एवढं तिला कळलं, पुढचं कळेना. तीन महिन्यांच्या कोर्सात हे शिकवलेलं नव्हतं.

नाना निवृत्त पोस्टमास्तर. माणूस भला, पण भिडस्त. चार लोक एका बाजूला झाले की ते पाचवे. भिकाजीने जेव्हा सांगितलं की दर्भाच्या पुतळ्याने समुद्र फसत नाही, शिवा वाट शोधतोय, त्याची बायको रोज जिथे हात लावते तिथेच तो येतोय, तेव्हा नानांनी मान खाली घातली. आणि येत्या अवसेला सुगंधाने खुर्ची सोडावी, परत यंत्राला शिवू नये, असा हुकूम सुटला, तेव्हाही त्यांना एवढंच सुचलं की मग केंद्र कोण बघणार. त्याचंही उत्तर भगताकडे तयार होतं. त्याचा भाचा प्रितेश. मालवणात संगणक दुरुस्त करतो, हुशार आहे, पुरुष आहे. हाच प्रितेश केंद्र उघडलं तेव्हा नोकरी मागायला आला होता आणि नानांनी सुगंधाला घेतलं होतं, हे कोणाला आठवलं नाही.

ती खुर्ची म्हणजे सुगंधाचं सगळं काही होतं. तिच्यावर तिचं आणि मुलीचं घर चालत होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, अशी खुर्ची सुटली असती तर जन्मभर ती 'नवऱ्याला शांती न देणारी' म्हणूनच राहिली असती.

आणि एक गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. कार्तिकी एकादशीला सगळी वाडी देवळात भजनाला गेली होती. सुगंधा केंद्रात एकटी. सात वाजायला पाच मिनिटं असताना तिने एक गाणं लावलं, कानाला हेडफोन लावला आणि वाट बघत बसली. गाणं अडकलं, तोच तुटका सूर कानात धडकायला लागला, आणि ती हळूच म्हणाली, "शिवा, तू काय रे?" अर्धा तास ती तशीच बसली होती.

अवस रविवारी होती. आदल्या संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी भारनियमनाने वीज घालवली ती रात्री आलीच नाही. त्या संध्याकाळचं भूत बुडालं, तेवढं भगत मंडळींचं नुकसान. सकाळी नऊ वाजता वीज आली, तेव्हा सुगंधा शेवटचं म्हणून केंद्रात आली. चावी नानांना द्यायची, टेबल पुसायचं, आपली वही घ्यायची. सवयीने तिने दोन्ही यंत्रं चालू केली आणि खिडकीजवळच्या यंत्रावर एक फॉर्म भरायला घेतला.

दहाच्या जरा आधी ते यंत्र अडकलं.

बाण जागचा हलेना. टंकलेली अक्षरं मिनिट झालं तरी उमटेनात. सुगंधाच्या अंगावर काटा आला. बाहेर लख्ख ऊन, कावळे ओरडताहेत, आणि शिवा आला? तिने शेजारच्या यंत्राकडे पाहिलं. ते मजेत चाललं होतं. परत आपल्याकडे पाहिलं, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तिची नजर अडकली. तिथे वेळ होती सात वाजून दोन मिनिटं. संध्याकाळचे.

यंत्राच्या पोटात एक चपटी बॅटरी असते, वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालतं. खाऱ्या वाऱ्याने खिडकीजवळच्या यंत्राची बॅटरी नुकतीच अर्धमेली झाली होती, वेळ लक्षात ठेवण्यापुरता जीव तिच्यात होता, घड्याळ चालवण्यापुरता नव्हता. काल सहा वाजून पाच मिनिटांनी वीज गेली तेव्हा ते घड्याळ तिथेच थांबलं, आणि आज नऊला वीज आल्यावर तिथूनच पुढे निघालं. म्हणून दहाच्या आधीच त्याचे सात वाजले होते. आणि भूत ठरल्या वेळी हजर झालं होतं. ते वाडीचं घड्याळ बघत नव्हतं, यंत्राचं घड्याळ बघत होतं.

तिने जिद्दीने एकेक पान उघडलं. यंत्राला ठरल्या वेळी ठरलेली कामं लावून ठेवता येतात, त्यांची एक यादी असते. त्या यादीत एकच ओळ होती. रोज, संध्याकाळी सात वाजता, सगळी डिस्क पहिल्या फाईलपासून शेवटच्या फाईलपर्यंत तपासा. दुसऱ्या यंत्रावर गेली. तीच ओळ, तीच वेळ. खाली काम लावल्याची तारीख. चतुर्थीनंतर दोन दिवसांनी, ज्या दिवशी प्रितेश 'सर्व्हिसिंग करून देतो' म्हणून आपणहून आला होता. सुगंधाने स्वतः त्याला चहा दिला होता.

तिला रडू आलं नाही. तिला एकादशीची संध्याकाळ आठवली, कानातला हेडफोन आठवला, आपणच विचारलेलं आठवलं, आणि तिचा संताप झाला. तिने ती ओळ पुसली नाही. खिडकीजवळच्या यंत्राची वेळ नीट लावली आणि संध्याकाळची वाट बघत बसली.

साडेपाचलाच गर्दी जमली. भिकाजी कोंबडा घेऊन आला होता, प्रितेश नवा शर्ट घालून. सुगंधा खुर्चीतच बसून होती. नानांनी हळूच चावीसाठी हात पुढे केला. ती म्हणाली, "नानानू, पाच मिनटां थांबा. आज शिवाक मी बोलयतंय."

तिने इंटरनेटवर एक भजन लावलं. टाळ-मृदंग स्पीकरमधून घुमायला लागला. मग तिने यंत्राचं घड्याळ पुढे केलं, सहा एकोणसाठ, आणि हात मांडीवर ठेवून बसली. एक मिनिट गेलं. मृदंग "धा-धा-धा-धा" करत अडकला. अंगणात एकच हलकल्लोळ झाला. भिकाजी क्षणभर गांगरला, पण त्याच्या धंद्यात गांगरून चालत नाही.

"अवस आसा, म्हणान आज घाईन इलो," त्याने जाहीर केलं आणि नारळ उचलून गाऱ्हाणं सुरू केलं. बारा-पाचाच्या म्हाराजापर्यंत तो पोचतो न पोचतो, तोवर सुगंधाने अडकत-अडकत का होईना बाण हलवून चालू असलेली तपासणी बंद केली. गाऱ्हाण्याच्या मध्येच मृदंग खणखणीत वाजायला लागला. भगताच्या तोंडातलं "रे म्हाराजा" तोंडातच राहिलं.

तिने परत घड्याळ सहा एकोणसाठवर नेलं. परत भजन अडकलं. परत तिने ते सोडवलं. तिसऱ्यांदा अडकवून ती खुर्चीतून उठली.

"भगतानू, सांगा आता. आणखी कितीदा बोलवू?"

मग तिने सगळ्यांना पडद्याजवळ बोलावून ती ओळ दाखवली, वेळ दाखवली, तारीख वाचली. समजावलंही, त्यांच्याच भाषेत. एकाच माणसाला जाळं ओढायला लावा आणि त्याच वेळी बोलायला लावा, तर त्याचं काय होईल? धाप लागेल, शब्द तुटेल. यंत्राला सात वाजता हजारो फाईली उपसायला लावल्या होत्या. आवाजाचा पुढचा तुकडा आणायला त्याला सवड मिळत नव्हती, म्हणून हातातलाच तुकडा ते पुन्हा पुन्हा वाजवत होतं. अर्ध्या तासात फाईली संपायच्या, की सगळं सुरळीत. मध्ये कोणी गाऱ्हाणं घातलं काय आणि बोंब मारली काय, अर्धा तास तो अर्धाच तास.

नानांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला असावा. चतुर्थीनंतर यंत्रं कोणी उघडली होती, असं त्यांनी प्रितेशला विचारलं. प्रितेश अडचणीत सापडल्यावर ऑफिसातली मराठी बोलायचा. "अँटिव्हायरसचं सेटिंग असतं ते. आपोआप होतं."

"दोनय मशिनींर आपोआप?" सुगंधा म्हणाली. "सातच्याच ठोक्याक? आणि तुझ्या मामाक ता आपोआप कळला?"

प्रितेश दाराकडे सरकला, पण पायऱ्यांवरची माणसं बाजूला झाली नाहीत. भिकाजीने शेवटचा डाव टाकला. घोवाच्या आत्म्याशी खेळ करतेस, पाप लागतलां, असं काहीबाही तो बोलायला लागला. सुगंधा त्याच्याकडे वळलीच नाही. ती पायऱ्यांवरच्या माणसांकडे वळली.

"तुमी दर्यावयली माणसां. भरती रोज पाऊण तासान पुढे सरता, ह्या तुमका मी सांगूचा? दर्यातसून येणारा काय एक सांगा, जा रोज घड्याळाच्या त्याच काट्यार येता. मासो येता? वारो येता? चतुर्थीक सात वाजता उजेड होतो, आता काळोख आसा. तरी शिवा सातलाच कसो येय, ह्या तुमच्यातल्या एकान तरी इचारल्यान?"

जन्म ज्यांचा भरती-ओहोटी मोजण्यात गेला, ते होड्यांचे म्होरके, ते तांडेल खाली बघत होते.

"माझो घोव एकदाच बुडलो," ती म्हणाली. "ह्या दोघांनी तेका अडीच म्हयने रोज सात वाजता बुडवल्यानी. आणि तुमी बगीत बसून व्हय म्हाराजा म्हटल्यात."

भिकाजी नारळ तिथेच टाकून निघाला. कोंबडा मात्र न विसरता घेतला. प्रितेशला नानांनी दोन्ही यंत्रांवरची ती ओळ सगळ्यांसमोर पुसायला लावली, मगच जाऊ दिलं. चावी त्यांनी परत मागितली नाही.

वाडीतल्या एकाने जाता जाता म्हटलंच की ह्या ठीक, पण काहीतरी आसतलाच. अशी माणसं असतात. भूत मेलं तरी त्यांना त्याची सवय सुटत नाही. त्यांच्यासाठी सुगंधाने दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक कागद चिकटवला: यंत्र अडकलं तर हात जोडू नका. कधी अडकलं ती वेळ लिहा, तेव्हा काय चालू होतं ते बघा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. जो विचारू नका म्हणतो, त्याला आधी विचारा.

एवढंच तर करायचं असतं. देव मानायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण दुसऱ्याच्या मेलेल्या माणसावर कोणी दुकान मांडत असेल, तर गर्दीतल्या एकाने तरी घड्याळाकडे बघायला हवं.

त्या अवसेला सात वाजता तुळसा खुर्चीत बसली होती. गुरुदास बोलत होता आणि त्याचा आवाज एकदाही तुटला नाही. साडेसातला म्हातारीने हेडफोन काढला, सुगंधाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. माफी मागायचे शब्द तिला सापडले नाहीत, आणि सुगंधानेही ते शोधून दिले नाहीत.