दोन यार्ड अलीकडे

कोच लाइल ब्रँडव्होल्डने टाइमआउट मागायला वर नेलेले हात अर्ध्यातूनच खाली घेतले आणि जाकिटाच्या खिशात कोंबले.

"शहाणा आहेस," हेडफोनमधून ऑस्टबी सरांचा आवाज आला. "एक मिनिट एक्कावन्न. पळू दे घड्याळ."

ऑस्टबी सर वर पत्र्याच्या खोलीत थर्मास आणि दोन स्टॉपवॉच घेऊन बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत गणित शिकवलं, लाइललाही शिकवलं. निवृत्तीनंतर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं घड्याळ सांभाळायचं काम त्यांनी बिनपगारी पत्करलं होतं, पण खडूसपणा मात्र भरपगारी होता.

लाइलचा संघ एका गुणाने पुढे होता, एकवीस-वीस. चेंडू त्यांच्याच ताब्यात होता आणि समोरच्यांचे टाइमआउट संपले होते. आता या एका डावात सात यार्ड पुढे सरकलं की चेंडू आपल्याकडेच राहणार, आणि मग चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकत उरलेला वेळ संपवायचा; गुडघा टेकला की डाव तिथेच संपतो, घड्याळ मात्र पळत राहतं. नाही जमलं तर चेंडू लाथेने त्यांच्याकडे पाठवावा लागणार. त्यांच्या किकरने, खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवणाऱ्या गड्याने, दुपारभर वारा अंगावर असतानाही एक नेम चुकवला नव्हता.

"मधल्या गर्दीत घुसव," सर म्हणाले. "सात यार्ड मिळणार नाहीत, पण घड्याळ पळत राहील. त्यांच्या हातात तीस-पस्तीस सेकंदच राहतील."

"आणि कोल्बीने स्वतः कडेने पळवला तर?"

"मिळतील सात यार्ड. पण तो पुन्हा रेषेबाहेर गेला तर घड्याळ थांबेल. मग त्यांना मिनिटाच्या वर वेळ मिळेल. तुला सप्टेंबर आठवतोय ना?"

सप्टेंबर कोण विसरलं होतं! मुख्य क्वार्टरबॅकचा, म्हणजे डाव चालवणाऱ्या गड्याचा, खांदा निखळला म्हणून पहिल्या वर्षाच्या कोल्बी हॅग्रेनला उतरवलं होतं. आघाडी होती, शेवटचं मिनिट होतं, आणि अंगावर येणारा गडी चुकवायला पोरगा आपणहून कडेच्या पांढऱ्या रेषेबाहेर गेला. घड्याळ थांबलं. वाचलेल्या सेकंदांत समोरच्यांनी सामना काढला. लाइलने त्याला सगळ्यांच्या देखत झापलं होतं. जरा जास्तच झापलं, हे त्याला घरी जाताना गाडीतच कळलं होतं, पण कळलेलं बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. तेव्हापासून पोरगा कॉफीला गेला की हार्डवेअरवाला रॉली फुटपाथकडे बोट दाखवून म्हणायचा, "रेषा सांभाळ रे बाबा!"

लाइलने पुढे दुसऱ्या क्वार्टरबॅकलाच खेळवलं. आज त्याचा घोटा मुरगळला, म्हणून पुन्हा कोल्बी.

आणि परवा, गुरुवारी, कोल्बीने डावांची वही लाइलच्या टेबलावर ठेवली होती. काही बोलला नाही, टोपी कुरवाळत उभा राहिला आणि गेला. इकडे वही परत केली म्हणजे संघ सोडला, तोंडाने सांगायचं काही उरत नाही. लाइलने ती न उघडता खणात टाकली. त्याला बोलावून घ्यावं असं दोनदा मनात आलं, दोन्ही वेळा फोन उचलून खाली ठेवला. आज पोरगा सामन्याला आला तो शेवटचाच, असं त्याने धरलं. कोल्बीची आईही नॉर्थ डकोटाहून सहा तास गाडी हाकत आली होती. पोराला सामानासकट न्यायलाच आली असणार.

एक मिनिट पस्तीस. कोल्बी मैदानातून लाइलकडे बघत होता. त्याला जवळ बोलवून दोन शब्द सांगायचे तर घड्याळ थांबवावं लागणार, आणि सांगायचं होतं ते हेच की काहीही कर, पण घड्याळ थांबवू नकोस.

जाणाऱ्या पोराने इथली आठवण कोणती घेऊन जावी, एवढंच लाइलच्या मनात आलं. त्याने छातीवर मूठ आपटली. तूच पळव.

"लाइल!" सर ओरडले.

कोल्बीने चेंडू दिल्यासारखं केलं, पोटाशी दडवला आणि उजव्या कडेने सुटला. सात यार्ड केव्हाच मागे पडले. लाइलच्या समोरून तो गेला तेव्हा त्याचा बूट आणि पांढरी रेषा यांच्यात वीतभर हिरवळ होती. समोरचा शेवटचा गडी घसरून पडला आणि पुढे कोणीच राहिलं नाही. सगळे लोक उभे राहिले. कॉलेजात आल्यापासून पोराच्या नावावर एकही गुण नव्हता.

आणि गोलरेषेच्या दोन यार्ड अलीकडे कोल्बी थांबला. हळूच एक गुडघा टेकला आणि चेंडू पोटाशी धरून बसून राहिला.

मागून कुणीतरी शिवी हासडली. संघाचा डॉक्टर पेटी घेऊन धावला, तेव्हा लाइलने त्याची कॉलर पकडली.

"थांब. काही झालेलं नाही त्याला."

सगळ्यांत आधी समोरच्या कोचच्या लक्षात आलं. त्याने हेडफोन काढून बाकावर ठेवला. कोल्बी आत गेला असता तर गुण मिळाले असते, पण गुणांनंतर चेंडू समोरच्यांकडे जातो म्हणून तो त्यांच्या हाती पडला असता, सव्वा मिनिट मिळालं असतं, आणि बरोबरी काही अशक्य नव्हती. आता त्यांना काहीच मिळणार नव्हतं.

"हे त्याला तू सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"मला वाटलं तुम्ही सांगितलंत."

"मी कशाला सांगू? मी तर चेंडूच देऊ नको म्हणत होतो."

कोल्बीने आणखी दोनदा गुडघा टेकला आणि वेळ संपली. लाइल हस्तांदोलनं उरकून आला तेव्हा कोल्बीची आई, लोकरी टोपीतली ठेंगणी बाई, पोराचा गुडघा चाचपत होती.

"लागलं का रे? इतका छान पळत होतास."

"नाही गं आई. मीच बसलो."

"मीच बसलो म्हणे! फोटो काढायला मी तिकडे कोपऱ्यात जाऊन उभी, आणि हा अलीकडेच बसला."

लाइलला त्याच्याशी बोलायचं होतं. खांद्यावर एक थाप मारली आणि तो ऑफिसात निघून आला. पोरगा जायचाच आहे तर वही निदान आपल्या हाताने कपाटात लावू, म्हणून त्याने खण उघडला.

वहीच्या शेवटच्या पानांवर पेन्सिलीने प्रश्न लिहिले होते. एकूण अकरा, प्रत्येकाखाली उत्तरासाठी चार ओळी मोकळ्या. वर लिहिलं होतं, "कोच, तोंडाने विचारायला जमत नाही. शनिवारच्या आधी सांगाल का?" लाइलने खाली वाचत नेलं. रेषेजवळ असताना अंगावर कोणी आलं तर? हात दाखवून केलेली खूण कळली नाही तर? अकरावा प्रश्न होता: "एका गुणाने पुढे, दीड मिनिट बाकी, समोर मोकळं मैदान. जायचं का?"

त्याखालच्या चारही ओळी कोऱ्या होत्या.

दार वाजलं. कोल्बी होता, केस ओले, खांद्यावर पिशवी.

"कोच, ती माझी वही... बघून झाली का?"

लाइलने पेन्सिल शोधायला टेबलावर हात फिरवला.

"नाही झाली," तो म्हणाला. "बस जरा. आईलाही बोलाव आत, बाहेर थंडी आहे."