काठीला गुंडाळलेली लोकर

"ये गं बाई, ये लाटेवरून चालत,
दार उघडं ठेवलंय, कुणी नाही बोलत."

योरुन मावशीचा हा आवाज हेर्दिसनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती सहा वर्षांची होती. मावशी बेटाच्या काठावर उभी राहून गात होती, आणि आयडर बदकांच्या करड्या माद्या पाण्यातून वर येत होत्या, बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींसारख्या. दगड-फळ्यांच्या बुटक्या खोपींत त्या अंड्यांवर बसायच्या. पिल्लं घेऊन गेल्या की मागं राहिलेल्या मऊ पिसांच्या दुलया व्हायच्या. त्या बुजू नयेत म्हणून त्या दिवसांत बेटावर ठोकाठोक नाही, कुत्रं नाही, अंगावर नवा रंग नाही. मावशीचा राखाडी स्वेटर काही उगाच इतका जुना नव्हता.

आता हेर्दिस पंचेचाळीसची, मावशी अठ्ठ्याहत्तरची. मे महिन्याची सकाळ. हेर्दिस बेटाकडे वल्ही मारत होती, मावशी नावेत समोर बसली होती.

"वल्हवतेस की लोणी काढतेस गं? केवढा तो खळखळाट!"

हेर्दिस हसली. हसू ओठांवरच राहिलं, कारण मावशीच्या मांडीवर काठी होती, आणि काठीच्या टोकाला लोकरीची चिंधी दोऱ्यानं करकचून बांधलेली होती.

"हे काय मावशी?"

"काय म्हणजे? गेल्या साली ह्या मेलीनंच घात केला. साठ खोपी भरल्या होत्या. संध्याकाळी येऊन बघते तर नऊ! बाकीची अंडी डोमकावळ्यांनी फोडलेली. डॉक्टर म्हणाला काठी घ्या, आणि ही म्हातारी सकाळीच निघाली बेटावरच्या दगडांवर टकटक करत. मिरवायची हौस, दुसरं काय!"

हेर्दिसनं मान खाली घातली. वल्ह्यावरून थेंब गळत राहिले.

इंजिन नाही, गोंगाट नाही, मागं कचरा नाही, एवढ्या तीन वचनांवर तिच्या पाहुण्यांच्या सहली चालत. लांबलांबची माणसं तिच्या नावेत येऊन बसत आणि कुजबुजत बोलत. गेल्या मे महिन्यात चौघं आली होती. माद्या अंड्यांवर बसून दोनच दिवस झालेले, आणि पहिला आठवडा मावशीशिवाय कुणी बेटावर पाऊल टाकायचं नाही हे तर इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पाहुणे दुसऱ्या दिवशी परतणार होते. मावशी घरी दुपारची झोपली होती. लांबूनच दाखवू, असं मनाशी म्हणत हेर्दिसनं नाव काठाला लावली.

पाहुणे बिचारे बूट काढून, श्वास रोखून चालले. त्यांची काही चूक नव्हती. लाल जाकीट हेर्दिसच्याच अंगावर होतं. सहलीचं, नवंकोरं, वाटाड्या लांबून दिसावा म्हणून शिवून घेतलेलं. पहिल्या खोपीपाशी ती वाकली मात्र, सगळं बेट एकदम फडफडून उठलं.

जाकीट तिनं पोटमाळ्यावर जुन्या जाळ्यांखाली कोंबलं. पाहुण्यांचं पत्रही आलं नंतर: इतका हळुवार प्रवास आम्ही कुठंच केला नाही. ते पत्र तिला फाडताही आलं नाही, ठेवताही येईना. आणि मावशी वर्षभर स्वतःला शिव्या घालत होती. हेर्दिस समोर बसून तिला कॉफी ओतत होती.

नाव काठाला लागली. समोर पाण्यावर वीसेक माद्या थांबल्या होत्या, वर यावं की न यावं अशा. मावशीनं काठी उचलली, चिंधी चाचपली आणि काठी परत नावेतच ठेवली.

"लोकर ओली झाली की काठी पुन्हा वाजेल," ती पुटपुटली.

मग ती खाली वाकली आणि शेवाळलेल्या दगडांवरून हातापायांवर रांगू लागली. दोनदा हात घसरला. तळवा सोलवटला, तो तिनं स्वेटरला पुसला. खोपींपाशी पोचून तिनं तोंड उघडलं, पण "ये गं बाई"च्या पुढं आवाज गेला नाही.

"तूच म्हण गं," ती मागं वळून म्हणाली. "माझा भरवसा उरला नाही त्यांना."

हेर्दिस काठी घेऊन खाली उतरली. दोऱ्याची गाठ सुटेना, तशी तिनं दातांनी तोडली. लोकर सोडली, खिशात घातली, आणि उघडी काठी मावशीच्या सोलवटलेल्या हातात दिली.

"काठी नव्हती मावशी," ती म्हणाली. "तू झोपली होतीस. माणसांना घेऊन मी आले होते इथं. लाल जाकीट घालून."