मिटलेल्या लॅपटॉपमधला आवाज

त्या रविवारी सकाळी उमापुरात शहादेव साळव्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गेवराईहून जीपगाड्या भरून माणसं आली होती. बायका पोरं कडेवर घेऊन भिंतीला टेकल्या होत्या आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते पुढच्याला विचारून हात जोडत होते. ओट्यावर टेबल, टेबलावर काळा लॅपटॉप आणि त्याच्यामागे खुर्चीत चकलांब्याचे तात्याबा महाराज बसले होते. महाराज म्हणायचं नाही बरं का, सर म्हणायचं. तशी सरांची सक्त ताकीद होती.

लॅपटॉपमधून आवाज येत होता. “...तमाम बंधू-भगिनींनो, डोळे तपासून घ्या, डोळे! मोफत नेत्रतपासणी शिबिर. येताना सोबत आधार...”

आवाज शहादेवच्या बाळूचा होता. आणि बाळू दिवाळीच्या आधीच मोटारसायकलच्या अपघातात गेला होता.

तात्याबांनी डोळे मिटले आणि उजवा हात लॅपटॉपवरून हलकेच फिरवला. “शांत हो, बाळा.” पडदा काळा पडला, आवाज जागच्या जागी तुटला. मग त्यांनी हात उचलला. “आता बोल.” क्षणभरात पडदा उजळला आणि मेलेला बाळू जिथं थांबला होता तिथून पुढे म्हणाला, “...कार्ड आणावे.”

बाळूच्या आईनं, भिमाबाईंनी, हंबरडा फोडला. गर्दीतले निम्मे लोक गुडघ्यावर आले.

पौर्णिमा, बाळूची थोरली बहीण, दाराशी उभी होती. ती पाटोद्याला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि त्याच सकाळी एसटीने येऊन पोचली होती. तिचं लक्ष लॅपटॉपकडे नव्हतंच. ती आपल्या बापाकडे बघत होती. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू पायानं उडवून पुढे जाणारा हा माणूस. रविवारची बुद्धवंदना चुकली तर पोरांना जेवायला न बसू देणारा. तो तात्याबांच्या पायाशी बसला होता, आणि वर भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता.

“आबा, हे काय चाललंय?” तिनं त्याला बाजूला घेऊन विचारलं.

“कावून वरडायलीस? लिंबू हाय का हितं? नारळ हाय का? अंगाऱ्याची चिमूट तरी दिसली का तुला?” शहादेव दबक्या आवाजात म्हणाला. “सर देवबिव मानीत न्हाईत. समदं सायन्स हाय. तरंग असत्यात म्हणं, मानसाचे. ते मशिनीत अडकत्यात.”

तात्याबाची हुशारी होती ती हीच. दुसऱ्या घरात तो घुमला असता. पण हे घर घुमणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेणारं नव्हतं, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. म्हणून इथं त्याच्या तोंडी ऊर्जा, कंपन, लहरी. देव नको म्हणणाऱ्यांना त्यानं विज्ञानाच्या पुडीत बांधून तेच दिलं, आणि जन्मभर पुड्या ओळखणाऱ्या शहादेवनं ती मुकाट्यानं उघडून खाल्ली. लेक गेलेला बाप होता तो.

“आणि आत्मा नेत्रतपासणी शिबिराला कावून बोलावतोय, ते नाही विचारलं कुणी?” पौर्णिमा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

तात्याबा हसले. असल्या प्रश्नाची त्यांना सवय असावी. “ताई, शब्द धरू नका, संदेश धरा. डोळे तपासा, म्हणतोय तो. म्हणजे घरात काहीतरी आहे, जे तुम्हाला दिसत नाही.” ते थांबले आणि मान वळवून दाराआड बघू लागले. “कुणीतरी आहे.”

दाराआड बाळूची बायको मोहिनी होती, तीन वर्षांची लेक पोटाशी धरून.

तात्याबाचं मोहिनीशी काही वैर नव्हतं. पण जीव घरात अडकला म्हटलं की तो का अडकला हेही सांगावं लागतं, आणि त्यासाठी तरुण विधवेइतकं सोपं माणूस घरात दुसरं नसतं. “त्या संध्याकाळी फोन कुणी केला होता?” त्यांनी विचारलं. मोहिनीनंच केला होता. पोरीला ताप होता, औषध घेऊन या म्हणून. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं. “तिच्या हाकेनं तो निघाला. ती इथं आहे तोवर त्याचे तरंग सुटायचे नाहीत. पुढच्या रविवारी तिनं माहेरी जावं. पोरीत बाळूचा अंश आहे, पोरगी इथंच राहील.”

पौर्णिमाला वाटलं, आता आई तरी बोलेल. भिमाबाई लॅपटॉपकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी दुपारी मोहिनी चुलीपाशी बसून होती. पौर्णिमानं तिचा हात धरला. “तुझा विश्वास बसतो यावर?”

“मला न्हाई ठावं, ताई. पर फोन तर मीच केलता. रोज वाटतं, केला नसता तर...”

पौर्णिमानं आठवडाभराची रजा टाकली.

गोष्ट सुरू कशी झाली, ते तिनं आईकडून काढून घेतलं. बाळूचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं, आणि रिक्षावर भोंगा लावून करायच्या जाहिराती तो स्वतःच्या आवाजात भरून द्यायचा. शेवटच्या दिवशी शिबिराची जाहिरात लॅपटॉपवर पुन्हापुन्हा वाजेल अशी लावून ऐकत होता. मोहिनीचा फोन आला तसा झाकण मिटून निघाला. दुकानातून घरी आणल्यापासून भिमाबाईंनी तो लॅपटॉप कधी बंद होऊ दिला नव्हता. वायर सदा जोडलेली. रोज सकाळी झाकण उघडायचं, लेकाचा आवाज घटकाभर ऐकायचा, पुन्हा मिटायचं. “त्यानं चालू ठिवलंय. म्या बंद करनारी कोण?” असं त्या म्हणत.

आणि मग एके दिवशी, एरवी घर रिकामं असायचं त्या वेळी भिमाबाई घरीच होत्या, तर मिटलेल्या लॅपटॉपमधून आवाज आला. थोडा वेळ बोलला आणि आपोआप गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेजारीण ऐकून गेली आणि चार दिवसांत तात्याबा दारात हजर. पहिल्याच दिवशी त्यांचा हात लॅपटॉपवरून गेला आणि आवाज थांबला.

सोमवारी घरात कुणी नसताना पौर्णिमानं तो आवाज स्वतः ऐकला. भांडी घासत होती. पाठीमागून बाळू बोलला, आणि तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, “काय रे बाळ्या?”

मग ती तिथंच मोरीत बसून रडली. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला असं रडताना कुणी बघितलं नाही ते बरं झालं, असं तिला वाटलं. आणि लगेच हेही वाटलं की आईनं जे केलं त्यात नवल ते काय. हे मोडायचं म्हणजे आईकडून बाळूला दुसऱ्यांदा हिसकावून घ्यायचं. पण न मोडावं तर एक पोर आईवेगळी होणार होती. तिनं डोळे पुसले आणि लॅपटॉप उघडून बसली.

बाळूच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. विकत घ्यावं लागत नाही म्हणून पौर्णिमानंच त्याला बसवून दिलं होतं, आणि पुढच्या खटपटी तो स्वतः करायचा. सेटिंग बघताच तिच्या ध्यानात आलं. झाकण मिटलं की यंत्र झोपी जातं, पण झोपेतही थोडी बॅटरी खातं. दुकानातली वीज सारखी जायची, म्हणून बाळूनं सोय केली होती. काही वेळानं यंत्रानं आपण होऊन जागं व्हायचं, चालू असलेलं सगळं काम डिस्कवर उतरवून ठेवायचं आणि मग पुरतं बंद व्हायचं. फक्त ते काम उतरवायला डिस्कवर जागा राखून ठेवावी लागते. तेवढी त्यानं ठेवली नव्हती. त्यामुळे यंत्र जागं व्हायचं, जागा शोधायचं, मिळायची नाही. तोवर मध्येच थांबलेली जाहिरात पुढे सुरू व्हायची. मग यंत्राच्या ध्यानात यायचं की झाकण तर मिटलेलंच आहे, आणि ते पुन्हा झोपायचं.

तिनं ती सोय काढून टाकली. मंगळवारी लॅपटॉप गप्प राहिला. पुन्हा चालू केली, बुधवारी बोलला. बाळूची चूक होती, आणि ती अगदी बाळूसारखी, अर्धी घाई अर्धा हौशीपणा. तिला हसू आलं.

पण हाताची जादू? ती काही केल्या उलगडेना. शुक्रवारी बाजारातून येऊन तिनं पर्स उघड्या लॅपटॉपच्या कडेवर टाकली आणि पडदा काळा पडला. पर्स उचलली, तर उजळला.

ती पर्सकडे बघतच राहिली. मग तिला तात्याबांच्या उजव्या मनगटातलं जाडजूड कडं आठवलं. रक्तदाबावर म्हणून जत्रेत विकतात तसलं.

रविवारी गर्दी दुप्पट होती. दाराशी मोहिनीची पिशवी भरून ठेवलेली. तात्याबांनी हात उचलला तोच पौर्णिमा पुढे झाली.

“सर, आज कडं काढून करा.”

“ताई, ते माझं ऊर्जाकेंद्र आहे.”

“मग डाव्या हातानं करा.”

“सायन्सची चेष्टा करू नये,” तात्याबा म्हणाले, पण डावा हात काही पुढे केला नाही.

पौर्णिमानं आपली पर्स आईच्या हातात दिली. “आई, ही हितं कोपऱ्यावर धर.”

भिमाबाईंनी धरली. बाळूचा आवाज तुटला, पडदा काळा झाला. “आता उचल.” बाळू बोलू लागला. अंगणात कुजबुज उठली. एक म्हातारा म्हणाला, “आयला, भिमाबाईत बी शक्ती हाय!”

“शक्ती पर्सच्या बटनात हाय, आजोबा,” पौर्णिमा म्हणाली. “लोहचुंबक हाय त्यात. झाकणात बी असतं. झाकण मिटलं की ते खाली भिडतं, मशिनीला कळतं, मशीन झोपतं. कडं धरा न्हाईतर पर्स धरा, त्याला वाटतं झाकण मिटलं.” मग मिटलेला लॅपटॉप का बोलायचा तेही तिनं सावकाश सांगितलं, आणि शहादेवलाच कडं तपासायला सांगितलं. शहादेवनं खिशातली घराची लोखंडी किल्ली काढून तात्याबाच्या मनगटाजवळ नेली. किल्ली टक्कन चिकटली. त्यानं तात्याबाला दंडाला धरून अंगणाबाहेर नेऊन सोडलं. लोकांनी वाट करून दिली आणि मग नको इतक्या जोरात शिव्या दिल्या. मागच्या रविवारी याच लोकांनी गुडघे टेकले होते.

“शिव्या देऊ नका,” पौर्णिमा ओरडली. “सरांनी लिंबू आणलं असतं तर आबांनी हाकललं असतं. सायन्सचे शब्द आणले म्हणून बसवून घेतलं. शब्दाला भुलू नका. कुणीबी असो, म्हणा, पुन्हा करून दाखव. कडं काढून दाखव. मला करू दे. जो नाही म्हणतो, त्याच्या सांगण्यावरून घरातलं माणूस बाहेर काढू नका.”

भिमाबाई पर्स घेऊन तशाच बसल्या होत्या. “पौर्णिमा, मंग त्यो न्हाई का यात?”

पौर्णिमा तिच्याजवळ जाऊन बसली. “न्हाई, आई. आवाज हाय. पाहिजे तितका ऐक, मी मोबाइलात भरून देते. पण बाळू न्हाई.”

भिमाबाईंनी मान हलवली. मग त्या उठल्या आणि मोहिनीच्या पिशवीतले कपडे काढायला लागल्या. मोहिनीनं पिशवीवर हात ठेवला.

“ऱ्हाऊ द्या, आत्या. मी जाते.”

“आता कावून? समदं खोटं निघालं की!”

“त्या सराचं खोटं हाय, ते आज कळलं,” मोहिनी म्हणाली. “पर तुमी आठ दिस मला बघून तोंड फिरवलं, ते खरंच होतं. मला लई लागलंय ते. थोडे दिस आईकडं ऱ्हाते. लेक माझ्यासंगं येईल.”

तिनं पोरीला कडेवर घेतलं. कुणी अडवलं नाही. शहादेवनं पिशवी उचलली आणि तिच्या मागोमाग एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.