त्याच्या बायकोले इचारा

लटारू धीवर आपल्या बायकोला ओळखेनासा झाला, त्याला दोन वर्षं झाली होती. आरमोरीजवळच्या तलावावर चाळीस वर्षं जाळं टाकलेला माणूस. पण घरात वावरणारी ही म्हातारी कोण, ते त्याला उमगत नसे. कुणी पाहुणी असावी असं धरून तो अदबीनं बोले, "बाई, बसा नं. गुणा येईनच आता."

"मीच गुणा," असं गुणाबाई आधी सांगायची. तो घाबरायचा, रडायचा. मग तिनं सांगणं सोडलं.

कार्तिकात त्याचं खाणं सुटलं. घास तोंडात तसाच राही. मुलगा खुशाल डॉक्टरांना घेऊन आला. ते म्हणाले, "चांद्याच्या दवाखान्यात नाकातून नळी घालून दूध देतील. महिना-दोन महिने निघतील. नळी उपटू नये म्हणून हात मात्र बांधावे लागतील. आठवण काही परत यायची नाही."

"उद्याच वडश्याहून रेल्वेत बसवतो," खुशाल म्हणाला. "जित्या मानसाले उपाशी ठेवाचं का?"

"हात बांधून?" कुरखेड्याहून आलेली लेक प्रेमिला चिडली. "इथीच राहू दे त्याले."

दोघं भांडली आणि शेवटी आईकडे बघू लागली. गुणाबाईला दोघांचंही पटत होतं.

सकाळी ती पेजेची वाटी घेऊन नवऱ्याजवळ बसली आणि परक्या बाईसारखी म्हणाली, "भाऊ, एक इचारू? माया मानूस लय बिमार हाये. खात नाई, कोनाले ओळखत नाई. पोरगा म्हणते दवाखान्यात नेऊ, पोरगी म्हणते नको. मी काय करू?"

लटारूनं विचारलं, "त्याले काय पायजे?"

"त्याले सांगता येत नाई."

"मंग त्याच्या बायकोले इचारा. तिले मालूम रायते."

"अन् तिलेई मालूम नसन तं?"

"असं कसं?" तो हसला. "माया गुणाले इचारलं तं ती बराबर सांगन."

गुणाबाईनं वाटी खाली ठेवली. त्यानं स्वतःचं सांगितलं, की कुण्या परक्याचं? बाहेर येऊन ती खुशालला म्हणाली, "नाई न्याचं."

"बाबा बोलला का तसं?"

"बोलला का नाई, मले समजलं नाई. पन नाई न्याचं."

खुशालनं गाडीला जुंपलेले बैल सोडले. दोन दिवस तो आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र धान कापणी टाकून दुपारी यायचा, बापाची कूस बदलायचा. गुणाबाई बोटानं पेज ओठांवर लावी. कधी थोडी आत जाई, कधी नाही.

अकराव्या दिवशी सकाळी लटारू क्षीण आवाजात म्हणाला, "बाई, तुमाले लय तरास झाला. आता घरी जा. तुमचा मानूस वाट पाहत असन."

"जातो," म्हणत ती उठली. अंगणात प्रेमिला धान वाळत घालत होती. "आई, कुठी चाललीस?"

गुणाबाई उन्हातूनच मागं वळली आणि परत आत गेली. "आली मी," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले. दुपार व्हायच्या आत तो तिच्या मांडीवर गेला.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी प्रेमिलानं विचारलं, "शेवटी ओळखलं का बाबानं तुले?"

"काईतरी म्हणाला. 'आली का' म्हणाला असन तं मले म्हणाला. 'आल्या का' म्हणाला असन तं त्या पाहुणीले. लय हळू बोलला वं. मले ऐकूच नाई आलं."