माझ्या पोटावरचा बाण

मी एक पितळी व्हॉल्व्ह बोलतोय. हसू नका. आधीच डोकं तापलेलं आहे. कळसाडीत मला सगळे 'वॉल' म्हणतात, कुणी 'डबडं' म्हणतं, आणि एका घरात तर मला तीन आठवडे भंगार म्हणत होते. माझं खरं काम सांगायला बसलो तर पाच वाक्यांत संपेल. पण माझ्यावर आणि माझ्यापायी एका भल्या माणसावर जो अन्याय झाला, तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म जामनगरकडच्या एका भट्टीत झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, गार झाल्यावर घासलं, आणि दोन्ही टोकांना आटे पाडले. माझ्या पोटात एक छोटीशी झडप आहे. पाणी समोरून आलं की ती उघडते, मागून आलं की बंद होते. बस्स, एवढंच माझं ज्ञान. पाणी कुठून कुठे जायचं ते विसरू नये म्हणून माझ्या पोटावर बाहेरून एक बाण कोरलेला आहे. एवढा मोठा बाण असूनही माणसांना मी कशासाठी आहे ते कळत नाही, याला काय म्हणावं!

शहाद्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी खोक्यात पडून होतो. माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ होता, पाण्याचा जोर कमी करणारा व्हॉल्व्ह. त्याच्या डोक्यावर एक स्क्रू आणि आत एक स्प्रिंग. एके दिवशी दानियल नावाचा प्लंबर आला. नवापूरच्या सरहद्दीवरच्या डोंगरातला हा माणूस. आधी मजुरीला गुजरातेत गेला, तिथेच पाइपाचं काम शिकला. त्याने मला हातात घेतलं, एका टोकाने फुंकर मारली, मग दुसऱ्या टोकाने मारली. दुसऱ्या बाजूने हवा गेली नाही तेव्हा तो समाधानाने हसला. माझी एवढी नीट पारख आयुष्यात दुसऱ्या कुणी केली नाही.

दानियलने आम्हा दोघा भावांना कळसाडीला आणलं. रूपचंदभाऊंचं नवं तीन मजली घर टेकाडावर उभं राहत होतं. कापूस, ऊस, ट्रॅक्टर, सगळं असलेलं घर. गावाच्या नळाची लाईन जिथे घरात शिरते, नेमक्या त्या जागी दानियल मला बसवू लागला.

रूपचंदभाऊ कमरेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "दानियल, हाई पितळनं डबडं कसाले? पाईप सरळ जोडी दे ना."

"भाऊ, गावाचं पाणी घरात येऊ दे. पण घरातलं पाणी परत गावाच्या लाईनीत नको जायला. म्हणून हा."

"पानी परत जास का कधी? येडा शे का तू?"

दानियल चिडला नाही. चिडलो मी. त्याने शांतपणे अंगणातल्या नळाची नळी उचलली आणि फवारणीच्या पिंपावर एक वीत वर धरून दाखवली. "आणि भाऊ, औषधाच्या पिंपात नळी बुडवायची नाही. अशी वर धरायची. लाईनीने ओढ घेतली तर औषध नळीवाटे मागे जातं."

भाऊंनी मान हलवली. ती मान माश्या हाकलायला हलवतात तशी होती, हे मला तेव्हाच कळलं.

माझ्या थोरल्या भावाची कथा आधी उरकतो. गच्चीवर पाण्याला जोर देणारा पंप होता आणि त्या पंपापुढे त्याला बसवलं होतं. गिझर, शॉवर, नळ यांना सोसेल एवढाच जोर पुढे सोडायचा, हे त्याचं काम. रूपचंदभाऊंच्या मुलाला, धीरजला, शॉवर अंगाला टोचेल असा हवा होता. त्याने भावाच्या डोक्यावरचा स्क्रू पिळून पिळून बसवला. तिसऱ्या दिवशी गिझरची नळी फाटली आणि गाद्या भिजल्या. दोष कुणाचा? "वॉल डुप्लिकेट शे!" नाचता येईना, अंगण वाकडे. माझा भाऊ बिचारा मुळात स्प्रिंगचा, सगळं दाबून धरणारा. मी मात्र तेव्हापासून धुमसत होतो.

आता कळसाडीची एक रीत ऐका. गावाला एक दिवसाआड, सकाळी तासभर पाणी येतं. पाणी आलं रे आलं की घरोघरच्या टिल्लू मोटारी थेट नळाला लागतात. पाणी येण्याची वाट कुणी बघत नाही, सगळे ते ओढून घेतात. ज्याची मोटार मोठी त्याचा हौद आधी भरतो. वर टाकीजवळचा माणूस तास भरला की कॉक बंद करतो, पण टिल्लू कुणी लगेच बंद करत नाही. रिकाम्या पाइपातून त्या घुर्र घुर्र करत शेवटचा थेंब शोषत राहतात.

रूपचंदभाऊंनीही टिल्लू लावली होती. तरी टेकाडावर पाणी कमी चढायचं. चाळीस मोटारी खालून ओढत होत्या, पण नजर पडली ती माझ्यावर.

"धार बारीक येस. त्या दानियलनं डबडं काढी टाक, धीरज."

धीरजने पाना घेतला, मला पिळून काढलं आणि माझ्या जागी सरळ पाइपाचा तुकडा घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. धार तेवढीच बारीक राहिली. पण मला परत बसवायचं कुणाला सुचलं नाही.

रूपचंदभाऊंच्या पत्नी रंजनाबाई. त्यांनी मला पायरीवरून उचललं आणि विचारलं, "हाई काय?" धीरज म्हणाला, "भंगार." त्या घरात वस्तू फुकट घालवायची पद्धत नव्हती. गच्चीवर नव्या मुगाच्या शेंगा लुगड्यावर वाळत घातल्या होत्या. वाऱ्याने लुगडं उडू नये म्हणून रंजनाबाईंनी त्याच्या एका कोपऱ्यावर मला ठेवलं. दुसऱ्या कोपऱ्यांवर विटा होत्या. मी, ज्याच्या पोटात झडप आहे तो, विटांच्या पंगतीत!

पण तिथून मला सगळं दिसायचं. टेकाडाखाली, उताराच्या शेवटी, तुळशीबाईंचं घर दिसायचं. एकट्या राहणाऱ्या बाई, निंदणीला, कापूस वेचणीला जाणाऱ्या. त्यांच्याकडे मोटार नव्हती. गावाच्या सगळ्या मोटारी थांबल्या की पाइपात उरलंसुरलं पाणी उताराने त्यांच्या नळाला यायचं. तेवढ्यावर त्या दोन हंडे भरायच्या. गाव पिऊन उरलेलं पाणी त्या पीत होत्या आणि कधी तक्रार करत नव्हत्या.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. कापसावर फवारणी जोरात होती. शेतातल्या विहिरीवर लाईट नव्हती, म्हणून रूपचंदभाऊंनी ट्रॉलीवरचं दोनशे लिटरचं पिंप अंगणातच भरायला घेतलं. आधी औषध ओतलं, मग नळी सोडली. वरून पाणी पडलं की फेस येतो, म्हणून नळी थेट तळाला. वर येऊ नये म्हणून तिला विटेचा तुकडा बांधलेला. पिंप गळ्यापर्यंत भरत आलं आणि दोघे बापलेक न्याहारीला आत गेले.

तेवढ्यात वरचा कॉक बंद झाला. नळीतली धार थांबली. खाली चाळीस टिल्लू घुर्र घुर्र करत होत्याच.

आणि मी पाहिलं, पिंपातलं पाणी खाली जाऊ लागलं. कुणी उपसत नव्हतं, पिंप फुटलेलं नव्हतं. दुधासारखं पांढरं औषधी पाणी नळीवाटे मागे, नळात, घराच्या पाइपात, आणि जिथे माझी जागा होती तिथून सरळ गावाच्या लाईनीत चाललं होतं. मी ओरडलो असेन तर ते मुगाच्या शेंगांनी ऐकलं. माझ्या पोटातली झडप मात्र आपोआप मिटली, गच्चीवर, कोरड्या हवेत. अहो, मी फक्त तीन मजले वर होतो!

औषध गावाच्या हौदांपर्यंत पोचायच्या आतच मोटारी एकेक करून थांबल्या. मग ते पाणी उताराला लागलं.

तुळशीबाईंनी हंडा लावला. पाणी पांढरट, वासाचं. पंचायत टाकीत पावडर टाकते तेव्हाही थोडा वास येतोच. ओट्यावरून त्या शेजारणीला म्हणाल्या, "आज पावडर जास्त टाकी दिसस." आणि कामावर निघायची घाई म्हणून उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायल्या.

अर्ध्या तासात त्या दारातच कोसळल्या. तोंडाला फेस आला. लोकांनी जीप करून त्यांना शहाद्याला नेलं. चार दिवस सलाईन. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाचल्या.

आता माझा संताप कुठे आहे ते ऐका. हंड्यातला औषधाचा वास गावाने ओळखला, रूपचंदभाऊंच्या अंगणातलं पिंप आपोआप उतरलेलं दिसलं आणि बोट टेकाडावरच्या घराकडे गेलं. पंचायतीच्या ओट्यावर माणसं जमली. रूपचंदभाऊ उठून काय म्हणाले? "त्या नवापूरवालानी पाईप उलटा जोडा!"

दानियलला बोलावणं गेलं. तो शेजारच्या गावात शाळेचे नळ बसवत होता. तसाच आला, हाताला सुतळी आणि रंग लागलेला. कुणी म्हणालं, याला आता आजूबाजूच्या गावांत काम देऊ नका. कुणी म्हणालं, पोलिसात द्या.

"मी वॉल बसवला होता, भाऊ," दानियल म्हणाला. "तुमच्या समोर."

"कोनता वॉल? यानी बसाडाच नही. दखाड ना, कोठे शे?"

दानियलकडे दाखवायला काय होतं? मी गच्चीवर मूग राखत होतो. इतका नीट काम करणारा माणूस गावासमोर खोटा पडत होता आणि त्याचा साक्षीदार विटांच्या पंगतीत बसला होता!

ओटा घरापासून हाकेच्या अंतरावर. रंजनाबाई गच्चीवर शेंगा परतत होत्या. त्यांनी नवऱ्याचं बोलणं ऐकलं आणि हात थांबवला. मग मला उचलून पदरात घेतलं, जिना उतरल्या आणि माणसांच्या मधून सरळ ओट्यावर गेल्या. त्या गावात बाया ओट्यावर चढत नाहीत. त्या चढल्या आणि मला सरपंचापुढच्या टेबलावर ठेवलं.

"हाऊ शे वॉल. दानियलनी बसाडा व्हता. धीरजना बापनी काढाले लावा. तीन हप्ता मी याले मुगना लुगडावर वजन म्हनीसन ठेयेल व्हता." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुळशीना जीव जाता तं कोनले तोंड दखाडतूत आपन?"

दानियलने मला हातात घेतलं, आतला धुरळा झटकला, आणि सवयीने फुंकर मारली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. झडप मिटली. त्याचे डोळे भरून आले होते.

त्याच दुपारी त्याने मला माझ्या जागी बसवलं. बाण घराकडे. रूपचंदभाऊ दारात उभे होते. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, एवढंच म्हणाले, "चहा पीसन जाय." दानियल चहा न पिता शाळेच्या नळांकडे गेला.

आता मी पुन्हा कामावर आहे. टिल्लू अजून घुरघुरतात. त्या दिवसानंतर गावात माझ्यासारखे किती व्हॉल्व्ह बसले, विचाराल तर एकही नाही. कुठल्या पिंपात आज नळी तळाला असेल, मला इथून दिसत नाही, आणि तीच काळजी मला खाते. तुम्ही तरी नळी एक वीत वर धरा. आणि धार बारीक आली तर आधी चाळीस मोटारी मोजा, मग माझ्याकडे पाना घेऊन या.

तुळशीबाईंची बोटं अजून बधिर आहेत, हे घरातल्या बोलण्यातून मला कळतं. हंडा त्या दोन्ही हातांनी धरतात. पाण्याच्या दिवशी मोटारी थांबल्या की रंजनाबाई उतार उतरून त्यांच्या दारी जातात. नळाचा पहिला पेला स्वतः भरतात, वास घेतात आणि पिऊन टाकतात. मग दोघी ओट्यावर बसून थोडा वेळ थांबतात. काही झालं नाही की तुळशीबाई हंडा लावतात.

जे काम करायला पितळाची एक झडप पुरते, ते एका बाईला आपल्या पोटाने करावं लागतंय.